दुसऱ्याच्या कमरेची रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, आत्मवृत्त म्हटलं की तुम्हाला फाटकी छत्री, मोडकी खुर्ची नाहीतर थकलेला बैल आठवतो. बिचारे रडतात, तुम्हाला रडवतात आणि गप्प बसतात. मी तसली नाही. मी एक आखूड नळीची, पाच गोळ्यांची, हलक्या वजनाची रिव्हॉल्व्हर आहे. वय झालंय, अंगावर ओरखडे आहेत, आणि सध्या सौदी अरेबियात बुरैदा शहराच्या एका पोलीस ठाण्यात लोखंडी कपाटात पडून आहे. पण माझी कीव करायची नाही. मला कीव केलेली खपत नाही. नीट बसा आणि ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या थोरल्या बहिणी लांब नळीच्या आणि अस्सल पोलादाच्या. त्यांना कमरेला लावून माणूस छाती काढून चालतो, सगळ्या गावाला दिसावं म्हणून. मला घडवलं ते कोणालाही दिसू नये म्हणून. अंग हलक्या मिश्रधातूचं, नळी बोटाएवढी, मूठ लहान, आणि घोडासुद्धा आत दडवलेला, म्हणजे खिशातून काढताना कपड्यात अडकायला नको. गोळ्यांच्या चकरीत पाचच घरं, कारण सहावं घर केलं असतं तर पोट दिसलं असतं. माझा कारागीर मला तळहातावर घेऊन म्हणाला होता, "वा! खिशात आहे की नाही ते खिशालासुद्धा कळणार नाही." मी तेव्हाच फुगले.

पण एक गंमत त्याने गिऱ्हाइकाला सांगितली नाही, ती मी सांगते. जड रिव्हॉल्व्हर गोळी सुटताना बसणारा धक्का बराचसा आपल्या अंगावर घेते. मी काहीच घेत नाही. सगळा हिसका चालवणाऱ्याच्या हाताला देते. अंगठ्याच्या बेचक्यात अशी काही बसते की आडदांड माणसाच्या डोळ्यात पाणी यावं. त्यात माझी नळी आखूड, त्यामुळे समोरासमोर मी काळ आहे, पण थोडं लांब जा, की माझी गोळी कुठे जाईल ते मलाही ठाऊक नसतं. मला चालवायची तर रोज हात बसवावा लागतो. आळशी माणसाचं ते काम नव्हे, आणि माझ्या नशिबी आळशीच आला.

माझे पहिले मालक मात्र तसे नव्हते. शेख मन्सूर हे बुरैद्यातले खजुराचे मोठे व्यापारी. रीतसर परवाना काढून त्यांनी मला घेतलं. वर्षातून एकदा, मोसम संपला की, ते मला शहराबाहेरच्या आपल्या मळ्यावर नेत, वाळूच्या ढिगावर गोळ्या झाडत, "हं, जिवंत आहे," म्हणत, स्वतःच्या हाताने पुसत आणि तिजोरीत ठेवत. बाकी वर्षभर मी झोपा काढत असे. कंटाळवाणं आयुष्य! पण मालक कसा असावा, ते त्यांच्याकडे बघून कळत असे.

त्यांच्या दुकानाचा आणि खजूर भरायच्या कारखान्याचा सगळा कारभार मोहियुद्दीन बघत असे. हा रत्नागिरी जिल्ह्यातला, दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. मिसरूड फुटायच्या वयात इथे आला तो इथलाच झाला. गड्यांची हजेरी, मालाची चढउतार, गिऱ्हाइकांची मर्जी, शेखसाहेबांची औषधं, सगळं त्याच्या अंगावर. त्याला एक काम दोनदा सांगावं लागत नसे. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, की हात चालू. आणि हातात आलेली वस्तू पुसल्याशिवाय तो खाली ठेवत नसे, मग तो तराजू असो की चहाचा पेला. शेखसाहेब म्हणायचे, "हा माझ्या घरचा माणूस." ते ऐकून मोहियुद्दीनची मान ताठ व्हायची. मला हसू यायचं.

एकदा तिजोरी उघडी असताना तो मालकांमागे उभा होता. शेखसाहेब वळून म्हणाले, "मोहियुद्दीन, या घरातल्या सगळ्या वस्तूंना तू हात लाव, फक्त हिला नको. परवाना माझा आहे. परदेशी माणसाजवळ ही सापडली तर मीसुद्धा तुला वाचवू शकणार नाही."

"तौबा, शेख! माझं काय काम तिच्याशी?" मोहियुद्दीनने कानाला हात लावले.

शहाण्या माणसाचं शहाणं बोलणं. पण बोलणारे शेखसाहेब पुढे अर्धांगाने गेले, आणि त्यांच्याबरोबर ते शहाणपणही गेलं.

आता आला राकान. शेखसाहेबांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी मोहियुद्दीनच्या खांद्यावर बसून तो खजुराचा बाजार हिंडला होता. परवाना त्याच्या नावावर झाला आणि मीही त्याची झाले. त्याच सुमारास सरकारने फर्मान काढलं होतं, की अमुक जागांवर सौदी माणूसच हवा. दुकानाचा व्यवस्थापक परदेशी चालणार नाही. मग राकान कागदावर व्यवस्थापक झाला आणि मोहियुद्दीन कागदावर झाला हमाल. काम होतं तेच, फक्त खुर्ची गेली. तपासणीचे साहेब आले की राकान ओरडायचा, "यल्ला, उठ!" आणि पांढऱ्या दाढीचा मोहियुद्दीन हातातलं पेन टाकून खजुराची पेटी पाठीवर घ्यायचा. साहेब जाईपर्यंत नुसता इकडून तिकडे पेट्या वाहायचा. गडी तोंडावर हात धरून हसायचे, आणि मी मेजाच्या खणात पडून ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

मोहियुद्दीनने शेवटी मनाची तयारी केली. तिकडे लाल समुद्राच्या काठी किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत, बंदराजवळच्या एका शीतगृहात त्याला नोकरी मिळत होती. माल ओळखणारा माणूस त्यांना हवा होता. फक्त एक अडचण होती. जुन्या कफीलने, म्हणजे परदेशी माणसाची हमी घेणाऱ्या मालकाने, संमतीची सही केल्याशिवाय इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्या मालकाकडे जात नसे. आणि सही न होता इकामा संपला, तर चंबूगबाळं उचलून कायमचं मायदेशी. त्याची बायको ताजुन्निसा आणि मुलगी इफरा या दोघींचे इकामे त्याच्याच इकाम्याला बांधलेले. इफरा बुरैद्यातल्या भारतीय शाळेत बारावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. पोरगी हुशार, तिला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा मित्रांनो, ध्यानात ठेवा, त्या कुटुंबाचं सगळं काही राकानच्या एका सहीवर अडलं होतं. राकानच्याही ते ध्यानात होतं.

"करतो ना सही," तो म्हणायचा. "घाई काय आहे? शुक्रवारी मळ्यावर ये, मग बघू."

शुक्रवारची नमाज आणि जेवण आटोपलं की राकान दोन-तीन दोस्तांना घेऊन मळ्यावर जायचा. तिथे माझी करामत दाखवायची असायची. पहिल्याच दिवशी त्याने मला एका हाताने धरलं, सिनेमात धरतात तसं. मी म्हटलं, ये बाळा! चाप ओढला आणि मी असा दणका दिला की तो "आई गं" च्या अरबी अवतारात किंचाळला. बेचक्यात रक्त आलं. डबा होता तिथेच, ढिम्म. दोस्त खो-खो हसले. आता हसणाऱ्या दोस्तांवर तर चिडता येत नाही. मग चिडायचं कोणावर? डबा मांडणाऱ्यावर.

"नीट ठेवला नाहीस तू!" तो मोहियुद्दीनवर खेकसला.

"परत ठेवतो, शेख."

"ठेवू नकोस. हातात धर. असा, बाजूला."

मोहियुद्दीनचा चेहरा पांढराफटक पडला. "शेख, जमिनीवर चांगला दिसतो ना. तिथेच..."

"सही पाहिजे ना तुला?"

मोहियुद्दीनने हात लांब केला. हाताच्या टोकाला रिकामा डबा, आणि ओठ हलताहेत, कलमा पढत असावा. खरं सांगते, माझी गोळी डब्याला लागेल की माणसाला, याची मलाच उत्सुकता होती. पहिली वाळूत गेली. दुसरी त्याच्या कानाजवळून गेली, तेव्हा तो डोळे मिटून खालीच बसला. राकान ओरडला, "हललास! तू हललास म्हणून चुकली!" सगळे परत हसले. डब्याला मात्र दिवसभरात एकही भोक पडलं नाही. नेमबाज असा, आणि म्हणे रिव्हॉल्व्हर बाळगायची!

बाळगायचीसुद्धा अडचण होती, तीच तर या गोष्टीची मेख. मी लपवून बाळगायची वस्तू आहे, हे तुम्हाला सांगितलंच. पण ज्या देशात मला घडवलं तिथे माणसं जाड पँट घालतात, कोट घालतात. राकान घालायचा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा थोब. पातळ कापड, घोट्यापर्यंत सरळ सोट पडलेलं. त्याच्या बाजूच्या खिशात मला टाकलं की अख्खा थोब एका बाजूला ओढला जायचा आणि माझा आकार टरारून दिसायचा. एक दोस्त म्हणाला, "राकान, खिशात काकडी घेऊन फिरतोस काय?" झालं! राकानच्या अंगाचा तिळपापड. इथल्या बड्या माणसांचा थोब कसा निर्मळ पडायला हवा, त्याला ना फुगा चालत ना डाग. म्हणून त्यांचे फोन, किल्ल्या, पाकिटं बरोबरचा माणूस सांभाळतो. मोहियुद्दीननेही शेखसाहेबांचा चष्मा आणि औषधांची डबी वर्षानुवर्षं आपल्याच खिशात वागवली होती.

"घे," राकान म्हणाला आणि मला मोहियुद्दीनच्या हातात कोंबलं. "कमरेला लाव. तुझा सदरा ढगळ आहे."

"शेख, हे नको. मोठ्या शेखनी मना केलेलं. मी परदेशी माणूस, पकडलो तर..."

"मी बरोबर असताना तुला कोण पकडतंय? मी तुझा कफील आहे ना?"

मोहियुद्दीन मूर्ख नव्हता. त्याला धोका स्वच्छ दिसत होता. पण सही झाली नव्हती. त्याने मला सदऱ्याखाली खोचलं. त्या दिवसापासून मालक राकान आणि कंबर मोहियुद्दीनची, असा माझा संसार सुरू झाला.

आणि निगा? तीही त्यानेच राखली. गोळ्या झाडून झाल्या की माझ्या नळीत काजळी साठते, चकरीच्या घरांत राख बसते. राकानच्या बाहीला तेलाचा ठिपका लागला तर आभाळ कोसळायचं. मग मळ्यावरच्या खोलीत मोहियुद्दीन मला घेऊन बसायचा. राकानने त्याला एकदाच दाखवलं, तेही घाईघाईने. एकदा पुरे होतं. नळी भिंतीकडे, अंगठा कडीवर, चकरी बाहेर, दांडी दाबून पाचही घरं रिकामी, एकेका घरातून उजेडाकडे बघायचं, मग ब्रश, मग चिंधी, मग तेलाचा थेंब. शेवटी माझ्या अंगावरचे बोटांचे ठसे पुसून मला अलगद खाली ठेवायचा. तोंडाने मला शिव्या घालायचा, "मर, हरामजादे!" आणि हाताने असं जपायचा की मोठ्या शेखनीही जपलं नसेल. मला त्याचे हात फार आवडू लागले.

एका शुक्रवारी राकान मळ्यावरून परस्पर रियाधला निघाला. तिथल्या ओलाया भागात कुठल्याशा उंच इमारतीत दोस्तांबरोबर जेवण होतं. तिथे मोहियुद्दीनला नेणं शोभणार नव्हतं. "घरी ने हिला, उद्या आण," असं म्हणून तो गाडीत बसला. तशी मी मोहियुद्दीनच्या घरी गेले. ताजुन्निसा चहा ओतत होती. सदरा वर सरकला आणि तिने मला पाहिलं. किटली तशीच हातात.

"अहो इफराचे अब्बा! ह्ये काय घेऊन आलात घरात?"

"हळू बोल गो. मालकाची हाय. सकाळी परत देतो."

"मालकाची हाय तर मालकाच्या कमरेला का नाय? तुमच्या का?" तिने दाराची कडी लावली. "जवान पोर हाय घरात. पोलीस आले तर मी काय सांगू त्यांना? नवरा माझा खजूर विकतो म्हणून सांगू?"

आवाज ऐकून इफरा पुस्तक घेऊनच बाहेर आली. आईबापाशी ती बहुधा हिंदीतच बोलायची, शाळेतल्या सवयीने. "अब्बा, ये इल्लीगल है. लाइसेंस उसके नाम पे है, आपके नहीं. आपको पता है कितने साल की जेल है?"

"पता है बेटा. सही होऊ दे, मग हात पण नाय लावणार."

"आपको पकड़ना भी आता है? गलती से चल गई तो?"

आता बघा हं, मित्रांनो, इथे त्याने काय केलं. बायको रडत होती, पोर घाबरली होती. त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून त्याने नाटक केलं. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं मला दोन बोटांच्या चिमटीत उचललं, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "मला काय येतंय गो हिच्यातलं? मी नुसता हमाल. हिचं तोंड कुठलं नि शेपटी कुठली, त्ये पण ठावं नाय." मग मला तांदळाच्या डब्यामागे ढकललं. इफराला हसू आलं. ताजुन्निसानेही डोळे पुसले. मी तांदळाच्या डब्यामागून म्हटलं, काय लबाड आहे माणूस! पण त्या दोघींना ते खरं वाटलं.

दिवस जात होते. शीतगृहाच्या साहेबांचा फोन आला की महिनाअखेर संमती आली नाही तर ते दुसरा माणूस घेणार. मोहियुद्दीन गयावया करू लागला. "शेख, आज करा. हात जोडतो. पोरीची परीक्षा आहे."

"मळ्यावरून परत येताना करतो. नक्की. वल्लाह."

त्या शुक्रवारी दुपारी परतताना हमरस्त्यावर पोलिसांची चौकी लागली. राकान गाडी चालवत होता, शेजारी मोहियुद्दीन, मागे दोन दोस्त. शिपायाने राकानला सलाम केला आणि मोहियुद्दीनकडे बोट केलं. "इकामा." मोहियुद्दीनने मागच्या खिशातून पाकीट काढायला अंग उचललं. सदरा वर गेला. शिपायाचा हात त्याच्या बंदुकीवर गेला आणि पुढच्या क्षणी मोहियुद्दीन गाडीच्या बॉनेटवर पालथा होता, मी शिपायाच्या हातात.

"ही कोणाची?"

मोहियुद्दीनने राकानकडे पाहिलं. राकानही अडकला होता, कारण आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याचा परवाना तर जातोच, वर तुरुंगही होतो. तो कपाळावर हात मारून ओरडला, "या अल्लाह! ही तर माझ्या तिजोरीतली! चोर घरातच निघाला!"

मोहियुद्दीनने तोंड उघडलं. पण राकान त्याच्या जवळ सरकला होता, जणू मारायलाच, आणि दातांतल्या दातांत पुटपुटला, "गप्प बस. उद्या सोडवतो तुला. सही पण करतो."

आणि मोहियुद्दीन गप्प बसला! अहो, याला काय म्हणावं? ज्याने डबा हातात धरायला लावून गोळ्या झाडल्या, त्याच्या शब्दावर विश्वास! उभं आयुष्य राकानच्या बापाच्या शब्दावर काढलेलं, तीच सवय मुलाच्या वेळी नडली. मागचे दोन दोस्त खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

उद्या उगवला, परवा उगवला. राकान आला तो चोरीची तक्रार लिहून द्यायला. त्याने सांगितलं, हा माणूस बापाच्या काळापासून तिजोरीवर डोळा ठेवून होता, रिव्हॉल्व्हर पळवून लपूनछपून सराव करायचा. तेव्हा कुठे मोहियुद्दीनचे डोळे उघडले आणि त्याने खरं काय ते सांगितलं. पण मळ्यावर मला पुसायचो, एवढं मात्र गाळलं. हत्याराला हात लावत होतो म्हटलं तर गुन्हा वाढेल, या भीतीने म्हणाला, "मला त्यातलं काही येत नाही. मी नुसता वाहायचो."

ठाण्याचा कॅप्टन समजूतदार निघाला. त्याने असले राकान पुष्कळ पाहिले असावेत. त्याने ताजुन्निसा आणि इफराला बोलावलं. ताजुन्निसाला अरबी येत नव्हतं. इफरा मात्र शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत, अडली की इंग्रजीत, धीटपणे बोलली. "सर, माझे अब्बा चोर नाहीत. त्यांना ती धरतासुद्धा येत नाही. आमच्या घरी त्यांनी ती दोन बोटांनी उचलली होती, मी स्वतः पाहिलंय. त्यांना तिची भीती वाटते. जो सराव करतो त्याला ती उघडता येईल ना? तुम्ही त्यांच्या हातात द्या. बघा तुम्हीच."

कॅप्टनला ते पटलं. त्याने राकानकडे एक नजर टाकली. राकानच्या कपाळावर घाम होता, कारण त्याला मळ्यावरची खोली आठवली, आणि ती सांगायला गेला तर स्वतःच अडकत होता. माझ्यातून गोळ्या कधीच काढल्या होत्या. मला मेजावर, मोहियुद्दीनच्या पुढ्यात ठेवलं.

मोहियुद्दीनला सगळं कळत होतं. आता फक्त चाचपडायचं होतं. भलतीकडे धरायचं, चाप ओढायचा, कडी न सापडल्याचं सोंग करायचं, मला पाडायचं. घरी केलं होतं तसलंच नाटक. सुटकेचा दरवाजा उघडाच होता. इफरा त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होती, घाबरू नका म्हणून. त्याने मला दोन बोटांत उचललं. छान चाललं होतं.

तेवढ्यात मागून हवालदार खेकसला, "यल्ला! उघड!"

हुकूम झाला. आणि मित्रांनो, ते हात! नळी आपोआप भिंतीकडे वळली. अंगठा कडीवर पडला. चकरी बाहेर आली. दांडी दाबली गेली. एकेका घरातून त्याने उजेडाकडे पाहिलं. चकरी परत बसवली, आणि सदऱ्याच्या टोकाने माझ्या अंगावरचे बोटांचे ठसे पुसून मला अलगद मेजावर ठेवलं, तोंड कोणाकडेही न करता. काम चोख झालं होतं. मग त्याने वर पाहिलं.

राकानने घाम पुसला.

"अब्बा," इफरा म्हणाली, "आपको आता है?"

"मी... मी नुसतं पुसायचो गो," तो म्हणाला. "सांगितलं म्हणून पुसायचो."

"कधीपासून?" कॅप्टनने विचारलं.

"दर शुक्रवारी, साहेब." खोटं बोलायचं तिथे हा माणूस खरं बोलला, आणि खरं बोलायचं तिथे गप्प बसला होता.

"खलास," कॅप्टन म्हणाला. तो राकानवर चिडला नाही, मोहियुद्दीनवर चिडला, कारण दया करायला निघालेल्या माणसाला आपण फसवले गेलो असं वाटलं की तो फार कठोर होतो. ताजुन्निसाने नवऱ्याचा सदरा धरला. इफरा उभीच होती. बापाला पकडून देणारा रस्ता तिने स्वतःच दाखवला होता, आणि ते तिला आता कळत होतं. मोहियुद्दीन तिच्याकडे न बघता आपल्या हातांकडे बघत होता.

त्याला शिक्षा झाली. ती भोगून झाली की थेट विमानात, आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवायचं नाही. शीतगृहाने दुसरा माणूस घेतला. राकानने मला पोलिसांकडून सोडवून न्यायचे कष्ट घेतले नाहीत; त्याने, म्हणे, नवी रिव्हॉल्व्हर घेतली आणि ती सांभाळायला नवा माणूस. आईमुलीचे इकामे मोहियुद्दीनबरोबरच बुडाले. मार्च उजाडायच्या आत देश सोडायचा हुकूम आला. बारावीचं वर्ष गेलं.

जायच्या आदल्या दिवशी इफरा ठाण्यात आली होती. तुरुंगातल्या बापाची भेट मिळत नव्हती, त्यामुळे देश सोडायच्या हुकुमाची त्याला खबरच नव्हती. मी याच कपाटात होते, म्हणून ऐकलं. ती हवालदाराला म्हणाली, "काका, एक काम कराल? मार्च संपला की माझ्या अब्बांना निरोप पाठवा. सांगा, इफराचे सगळे पेपर चांगले गेले."

हवालदार "बरं" म्हणाला. एप्रिलमध्ये त्याने तो निरोप खरंच पाठवला. मोहियुद्दीनने तुरुंगात खडीसाखरेचे चिंचोक्याएवढे तुकडे करून सगळ्या कैद्यांना वाटले, असं नंतर हवालदार दुसऱ्या शिपायाला हसत सांगत होता.

तर अशी माझी कहाणी. आता माझी परवड ऐका. शेजारचा पाण्याचा कूलर गळतो, म्हणून कपाटात दमट हवा आहे, शेजारच्या गंजक्या सुऱ्या अंगाला लागतात. माझ्या चकरीच्या कडेला तांबूस डाग पडू लागले आहेत. किती दिवसांत कोणी तेलाचा थेंब घातलेला नाही. इथले शिपाई मला उचलतात ते कांदे उचलावेत तसे. वस्तूंची निगा राखावी, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच, मी वेगळं काय सांगू?

एकच मागणं आहे. मित्रांनो, तुमच्यात कोणी असेलच ना, फार गुणी? उलट न बोलणारं, सांगितलं की लगेच उठणारं, हातात आलेलं काम नीटच करणारं? गुरुजी ज्याचं सगळ्या वर्गासमोर कौतुक करतात, तेच मूल. मोठं झालं की त्याला माझ्याकडे पाठवा. मला अगदी तसेच हात हवे आहेत.